भीतीची आणेवारी

लग्नाकार्यात चार अनोळखी माणसं भेटली की हटकून विचारतात, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "बोटं हलवते." समोरच्याला वाटतं, बाई टिंगल करताहेत. पण खरंच सांगते, गेली वीसेक वर्षं नाशकात गंगापूर रोडला, एका फरसाणाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून मी लोकांच्या डोळ्यांपुढे दोन बोटं डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे हलवते आहे. त्यावर माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं आणि उजवा खांदा कायमचा आखडला.

आमचे हे ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचा सगळा जन्म केसापेक्षा बारीक मापं सांभाळण्यात गेला. ज्याला माप लावता येत नाही ते काम नव्हे, असं त्यांचं मत. मी पहिल्यांदा दवाखाना थाटला तेव्हा रोज संध्याकाळी दारातच विचारायचे, "काय, आलीस हात हलवत?" मी म्हणायचे, "हो, आणि तुम्ही जेवणार आहात ते त्याच हाताचं." मग गप्प बसायचे. गप्प म्हणजे जेवण होईपर्यंत.

यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फर्मान काढलं, की तुमच्या आठवणी लिहा. आता माझ्या धंद्यातल्या आठवणी सगळ्या दुसऱ्यांच्या. त्या सांगायच्या नसतात, हा आमचा पहिला नियम. म्हणून ज्यांची मुख्य गोष्ट इथे लिहिते आहे त्यांना ती आधी वाचून दाखवली. माणसांची नावं बदलली, गावाचं नाव गाळलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. म्हणाल्या, म्हशीचं नाव मात्र खरंच ठेवा.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साधी आठवण वापरातल्या लुगड्यासारखी विटत जाते. परीक्षेत नापास झालो होतो, तेव्हा रडलो होतो, आज त्याचं हसू येतं. पण काही आठवणी विटत नाहीत. अपघात, आग, मारहाण, डोळ्यांदेखत गेलेलं माणूस. वर्ष उलटलं तरी ती गोष्ट आत्ताच घडते आहे असं अंगाला वाटत राहतं. ब्रेकचा आवाज आला की हात गार पडतात. माणसाला कळत असतं की हे होऊन गेलं. अंगाला कळत नाही.

तर आम्ही काय करतो, त्या माणसाला समोर जरा तिरकं बसवतो. त्या आठवणीतलं सगळ्यात वाईट चित्र मनात धरायला सांगतो आणि त्याच वेळी डोळ्यांनी माझी बोटं धरायला सांगतो. मन एकीकडे आठवणीत, डोळे दुसरीकडे बोटांवर. थोड्या वेळानं थांबतो. श्वास घ्या, आता काय आलं, विचारतो. आलेलं असतं त्यावरून पुढे जातो. असं करत करत चित्र लांब जातं, फिकं होतं. आठवण पुसली जात नाही, फक्त जुनी होते. का होते, याबद्दल विद्वानांत अजून वाद आहेत. मी वादात पडत नाही. विजेचं शास्त्र ठाऊक नसलं तरी बटण दाबलं की दिवा लागतो, तेवढ्यावर माझं भागतं.

ही जादू नाही, संमोहन तर मुळीच नाही. पण हे नाशिककरांच्या गळी उतरवता उतरवता माझे निम्मे केस पिकले. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या, की यांना झोपवा आणि गुटखा सोडा म्हणून सांगा, तेवढ्यात यांच्या भावाच्या मनात वाटणीचं काय आहे तेही काढून घ्या. एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्या बोटांची गती बरोबर नाही म्हणून मलाच सूचना द्यायचे. आणि सगळ्यांची सामाईक खोड अशी, की डोळ्यांनी बघा म्हटलं तरी माणूस अख्खी मान फिरवतो. टेनिसचा सामना बघायला बसल्यासारखी. मी एका हातानं बोटं हलवते आणि दुसऱ्या हातानं हनुवटी धरते.

बोटांवर नजर ठरावी म्हणून मी नखाला लाल टिकली चिकटवायला लागले. त्यावर चांदवडकडच्या एका गृहस्थांनी, लाल कशाला, काही करणी-बिरणी नाही ना, असं फार अदबीनं विचारलं. दुसऱ्या दिवसापासून टिकली हिरवी. तेव्हापासून कुणाची तक्रार नाही.

याच चांदवडकरांनी मला माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी देणगी दिली. आम्हाला दर थोड्या वेळानं विचारावं लागतं, त्रास आता किती आहे, शून्य ते दहात सांगा. पुस्तकात हे फार सोपं दिसतं. आपल्याकडे दहा म्हटलं की माणसाला शाळा आठवते. एक बाई घळाघळा रडताहेत आणि म्हणतात, "दहापैकी दोन." मी चक्रावले. मग उलगडा झाला, की आपल्याला चांगलं जमत नाहीये म्हणून त्यांनी स्वतःला दोनच मार्क दिले होते. चांदवडकर कांदेवाले. त्यांच्या ट्रॅक्टरला घाटात अपघात झाला होता. मी दहा-दहा करून थकले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आणेवारी लावू का?" शेतकरी पीक आण्यांत मोजतो. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मं. त्यांनी डोळे मिटले, स्वतःच्या आत शेताच्या बांधावर उभं राहून बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "बारा आणे भीती उभी हाय." त्या दिवसापासून खेड्यातून येणाऱ्या माणसाला मी आण्यांतच विचारते. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते पोट धरधरून हसले. म्हणाले, "जगानं दशमान पद्धत घेतली, तू आण्यांवर गेलीस."

सगळेच सोळावरून शून्यावर येत नाहीत, हेही कबूल केलं पाहिजे. कारखान्यातला एक तरुण कामगार दोनदा आला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, बरं वाटतंय. आवाजावरून कळत होतं की वाटत नव्हतं. जिन्यावर बुटांचा आवाज आला की अजून वाटतं, तोच असेल. असो.

आता मुख्य गोष्ट. घोटीच्या अलीकडे भाताच्या खाचरांमधलं एक गाव. तिथून एक दिवस दोन बायका आल्या. पुढे सासू भागाबाई, काटक, नाकात नथनी, हातात पिशवी. मागे सून सविता, तिशीची, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. घोटीच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. सविताच्या उजव्या खांद्यावर बिबट्याचा पंजा बसला होता. टाके भरून आले, इंजेक्शनं झाली, पण बाई घराच्या मागच्या दाराबाहेर पाऊल टाकेना. मागच्या दाराबाहेर गोठा, आणि गोठ्यात मंगळी.

मंगळी म्हणजे म्हैस. सवितानं ती माहेराहून पारडू असताना आणली होती, चमच्यानं दूध पाजून वाढवलेली. सविताशिवाय कुणाच्या हाताला ती धार द्यायची नाही. आपल्याकडे अशा वेळी जो उपाय करतात तो यांनीही केला. भागाबाई सुनेचं लुगडं नेसून, तिच्यासारखं बोलत गोठ्यात गेल्या. मंगळीनं वास घेतला आणि बादली उडवली. मग सविताच्या नवऱ्यानं, ज्ञानेश्वरनं, तेच लुगडं अंगाभोवती गुंडाळून बघितलं. मंगळीनं त्यालाच उडवला. दूध मिळायचं ते फक्त तिच्या पारडाला. तो जवळच्या गोंदे गावातल्या एका कारखान्यात रात्रपाळीला असतो, सकाळी दमून येतो. शेवटी त्यानं ठरवलं, म्हैस विकायची. व्यापारी बघूनही गेला होता. महिना-दीड महिन्यात निकाल लागणार होता. सविता त्यावर काहीच म्हणाली नव्हती. फक्त जेवण कमी झालं होतं.

हे सगळं मला भागाबाईंनी सांगितलं. सविताला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर भागाबाई देत होत्या. नाव काय? "सविता." झोप लागते का? "कुठली आली झोप." मी म्हटलं, मावशी, तुम्ही बाहेर बसा, मला हिच्याशी एकटीशी काम आहे. त्यांना ते बिलकूल पटलं नाही. सून परक्या गावात, बंद खोलीत, एकटी? लोक काय म्हणतील? पुस्तकाप्रमाणे मी ठाम राहायला हवं होतं. पण सविताच म्हणाली, बसू द्या. मग भागाबाईंना खिडकीपाशी, माझ्या पाठीमागे खुर्ची दिली आणि तोंड न उघडण्याचं वचन घेतलं. त्यांनी खालून घेतलेला शेवेचा पुडा उघडला आणि वचन पाळायला सुरुवात केली.

त्यांचं वचन फार टिकलं नाही. मी सविताला म्हटलं, त्या पहाटेचं सगळ्यात वाईट चित्र कुठलं? मागून लगेच सुरू झालं. गावात बिबट्याची गोष्ट सांगायचं काम भागाबाईंकडेच होतं. महिनाभर घरी माणसांची रीघ लागली होती. पाहुणे, सोयरे, वनखात्याची माणसं, मोबाईल घेऊन आलेला बातमीवाला. प्रत्येकाला चहा आणि गोष्ट. पहाटे सविता धार काढायला गेली, बिबट्या मंगळीच्या पारडासाठी भिंतीवरून आला, मंगळी फुरफुरली, सविता घराकडं पळाली, बिबट्यानं खांद्यावर पंजा मारला आणि सासूनं दार उघडून तिला आत ओढली. जळतं लाकूड फेकलं, ताट बडवलं. पहिल्या गोष्टीत ताट होतं, हळूहळू डबे आणि परातही आली. वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात पहिल्या रात्री सरपंचाचं कुत्रं अडकलं, हा भाग तर लोक पुन्हा पुन्हा सांगायला लावत. आणि गोष्ट संपली की सगळे सविताकडे बघून म्हणत, सासू म्हणून वाचलीस गं बाई. सविता मान हलवायची, पदर बाजूला करून खांदा दाखवायची.

मी भागाबाईंना थांबवलं आणि सविताला म्हटलं, "इथे गोष्ट सांगायची नसते."

तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "सांगायचं नाय?"

"नाही. चित्र मनात धरायचं आणि बोटांकडे बघायचं. काय दिसतंय ते मला सांगितलं नाही तरी चालतं."

"काहीच नाय सांगायचं?"

"काहीच नाही."

तिनं इतका मोठा श्वास सोडला की मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला. आमच्या पद्धतीचा हा गुण मी वीस वर्षं व्याख्यानांत सांगत आले, पण त्याची किंमत त्या दिवशी कळली. ज्या मुलुखात दुखण्याला भेटायला येणं हा धर्म आहे, तिथे न सांगण्याची परवानगी हेच निम्मं औषध.

काम सुरू करण्याआधी आम्ही माणसाला मनातली एक सुरक्षित जागा शोधायला लावतो. घाबरलं की तिथं परत यायचं. कुणी देवळाचा ओटा सांगतो, एका ओझरवाल्यानं आपलं लेथ मशीन सांगितलं होतं. सविता म्हणाली, "गोठा." मग तिचं तिलाच कळलं आणि डोळे भरून आले. शेवटी आम्ही गोठा सोडून दिला आणि फक्त मंगळीच्या पाठीवर ठेवलेला हात घेतला. तेवढं तिला जमलं. भीती किती, विचारलं. म्हणाली, "सोळा. वर काय असंल तर ते बी."

पुढे आठवड्यातून दोनदा त्या येऊ लागल्या. घोटीहून बसनं नाशिक, तिथून रिक्षा. सविता मान अजिबात न फिरवता नुसत्या डोळ्यांनी बोटं धरायची. बिबट्या लवकरच लांब गेला. एकदा तिनं आपण होऊन सांगितलं, की आता तो भिंतीवर पाठमोरा दिसतोय, शेपूट खाली पाडून, सरपंचाच्या कुत्र्यासारखा. आणि हसली. मीही हसले. सोळाचे बारा झाले, बाराचे दहा, दहाचे आठ.

आणि आठावर गाडी अडली. चार खेपा झाल्या, आठ म्हणजे आठच. मागच्या दारापर्यंत जाते, उंबऱ्यावर पाय उचलते आणि थिजते. मी गती बदलून बघितली, दिशा बदलून बघितली. तिकडे ज्ञानेश्वरनं व्यापाऱ्याला येत्या आठवडे बाजाराचा शब्द दिला होता. हातातोंडाशी आलेलं काम असं अडलं की मला घरी भाजीत मीठ किती घातलं ते कळत नाही. आमच्या ह्यांनी दोन दिवस अळणी आमटी खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझं माप चुकत नसेल, तू भलताच तुकडा मोजत असशील." कारखान्यात म्हणे असं व्हायचं. यंत्रात बिघाड एका भागात आणि सगळे तपासताहेत शेजारचा.

पुढच्या खेपेला मी सविताला विचारलं, तुझ्या मनातलं चित्र बिबट्याचंच आहे ना? तिनं मान हलवली, नाही. मग कशाचं आहे? तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे, खिडकीकडे गेली आणि परत आली. अगदी हळू म्हणाली, "सांगायचं नसतं ना?"

मी म्हटलं, नसतं. जे आहे ते धर.

बोटं सुरू झाली. तिचा चेहरा पांढरा पडत गेला, हात कानांवर गेले. मी थांबले, श्वास घ्यायला लावला, मंगळीच्या पाठीवर हात ठेवायला लावला. जरा सावरल्यावर विचारलं, काय आलं?

"आवाज."

एवढंच. कसला ते मी विचारणार नव्हतेच. पुन्हा बोटं उचलली. आणि माझ्या पाठीमागून शेवेच्या पुड्याचा आवाज यायचा बंद झाला होता, ते मला तेव्हा जाणवलं.

"कडीचा," भागाबाई म्हणाल्या.

मी वळून बघितलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पुडा मांडीवरून खाली पडला होता, आणि डोळे माझ्या बोटांवर होते. बोटं हवेत थांबलेली, तरी त्यांचे डोळे तिथंच. म्हणजे ही बाई इतके आठवडे माझ्या मागे बसून सुनेबरोबर बोटं बघत होती. भिंतीवरच्या कपाटाच्या काचेत माझा हात तिला सगळा दिसत होता. बाहेर बसवायला हवं होतं ते याचसाठी, पण आता वरातीमागून घोडं.

"कडीचा आवाज हाय त्यो," त्या म्हणाल्या. "मीच लावली. बिबट्या बघितला आन् आतून कडी घातली. मला ठावं व्हतं, ही बाहेर हाय."

खालून शेव तळल्याचा वास येत होता. भागाबाईंचे दोन्ही हात कडी घालताना असावेत तसे छातीसमोर धरलेले होते. मला कामाचं काहीही सुचेना, हे सरळ सांगते.

सविता म्हणाली, "मला बी ठावं व्हतं, आत्या."

"मग बोलली का नाय?"

"समद्यांसमोर काय बोलू?"

भागाबाईंचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्या लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. महिनाभर त्यांनी ती गोष्ट शंभर तोंडांना सांगितली होती, ताटं आणि पराती वाढवत वाढवत, आणि प्रत्येक वेळी तेवढी एक कडी गाळून. मला तोवर वाटत होतं म्हातारीला मिरवायची हौस आहे. ती भीतीनं बोलत होती. बोलायचं थांबलं की आवाज ऐकू येत असणार.

सविता उठली. मला वाटलं, आता ही निघून जाते. ती सासूपाशी गेली, खाली सांडलेली शेव वाचवत उकिडवी बसली आणि म्हणाली, "लावली तुमी. पर उघडली बी तुमीच. बिबट्या दारात असताना उघडली. ते बी मला ठावं हाय."

मग दोघी रडल्या. मीही रडले. आमच्या धंद्यात रडायचं नसतं म्हणतात. ज्यांनी तसं लिहिलंय त्यांनी माझ्या खुर्चीत येऊन बसावं.

बऱ्याच वेळानं मला सवयीनं आठवण झाली. सविताला विचारलं, आता किती आणे? तिनं डोळे मिटून आत बघितलं. "तीन. चार म्हणा."

मी तिच्या पाठीवर थोपटलं. तेवढ्यात भागाबाई नाक पुसत म्हणाल्या, "माजे कुनी इचारीत नाय. माजे सोळा हायेत."

त्या दिवसापासून खुर्च्यांची अदलाबदल झाली. भागाबाई समोर, सविता खिडकीपाशी, शेवेचा पुडा तिच्या हातात. भागाबाई मान फिरवायच्या ती फिरवायच्याच, हनुवटी धरून माझा डावा हातही दुखायला लागला. पण काम झपाट्यानं झालं. कडीची गोष्ट निघाली त्याच दिवशी जाताना जिन्यातूनच त्यांनी मुलाला फोन लावला होता आणि सबंध गंगापूर रोडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "व्यापाऱ्याला म्हनावं, म्हैस नाय इकायची. दुसरी बघ."

म्हैस राहिली, पण सविता गोठ्यात गेली का, हे कळायला मला पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागलं. गेली होती. मंगळीनं तिला हुंगलं, तोंड फिरवलं आणि पान्हा चोरला. इतके दिवस कुठं होतीस, म्हणून रुसली. दोन दिवस सवितानं तिची नुसती पाठ खाजवली. तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांचा राग गेला.

त्यांनी जेवायला बोलावलं. उपचाराला आलेल्या माणसांच्या घरी जायचं नसतं, हाही आमचा नियम. उपचार संपून बरेच दिवस झाल्यावर आलेल्या आमंत्रणालाही तो लागू आहे का, यावर मी फार विचार केला नाही. इंद्रायणी भात आणि घरचं तूप म्हटल्यावर आमचे हे आधीच बूट घालून बसले होते. वाटेत मी त्यांना तीन वेळा बजावलं, की तिथे काहीही बोला, पण बिबट्याचं नाव काढायचं नाही. ते म्हणाले, मी काय लहान आहे?

आम्ही पोचलो ती संध्याकाळच्या धारेची वेळ. मागच्या दारानं निघताना भागाबाई काठी घेऊन पुढे, सविता बादली घेऊन मागे. रोजचा रिवाज आता असाच आहे म्हणे. धार होईपर्यंत म्हातारी गोठ्याच्या तोंडाशी दगडावर बसून असते. परत येताना मात्र क्रम उलटा नाही. तेव्हाही आधी सासू आत येते, मग सविता, आणि कडी सविता लावते. असं का, विचारलं तर भागाबाई म्हणाल्या, "माज्या हाताचा काय भरोसा?" आणि स्वतःच हसल्या.

मंगळी खरोखर देखणी आहे. तिनं आम्हा दोघांकडे कपाळ वर करून बघितलं आणि आम्ही लुगडं नेसलेलो नाही याची खात्री करून घेतली. सविता खाली बसली. बादलीत धार वाजायला लागली. संध्याकाळची शांतता, गवताचा वास, मी अगदी सुखात उभी. आणि आमचे हे, ज्यांना मी तीन वेळा बजावलं होतं, भिंतीची उंची नजरेनं मोजत म्हणाले, "बिबट्या इथूनच आला होता का हो?"

मी त्यांना असा चिमटा काढला की त्यांना ती आठवण विटायला अजून वेळ लागेल. पण बोललेलं बोलून गेलं होतं. दोन शेजारणीही कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, गोष्ट म्हटली की येतातच. भागाबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. मी सविताकडे बघितलं, तिची पाठ आमच्याकडे होती.

भागाबाईंनी सुरुवातीपासून सांगितलं. पहाट, पारडू, भिंत, मंगळीचं फुरफुरणं. ताट नव्हतं, परात नव्हती. सविता दाराकडं पळाली इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. शेजारणींकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आन् मी भ्याले. सून बाहेर आन् मी आतून कडी लावली."

एका शेजारणीचा हात तोंडावर गेला. 

"आन् मग उघडली," सविता मान वर न करता म्हणाली. बादलीत धार तशीच वाजत राहिली.